सत्तावीस मेगाहर्ट्झवरचा शेजार

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कुरुद भागात राहणारा माणूस आपल्या घरातून, कोणतीही परीक्षा न देता आणि कोणाचा परवाना न काढता, स्वतःच्या रेडिओवरून बोलू शकतो. हे वाक्य भिलाईत कोणालाही सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "पोलीस पकडणार नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात वायरलेसचा सेट म्हणजे पोलिसांचा, फौजेचा, रेल्वेचा किंवा कारखान्याच्या सुरक्षारक्षकांचा, असंच चित्र मनात असतं. पण ऑगस्ट २००५ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त आहे. त्याचं नावच सिटिझन बँड, म्हणजे सीबी. अटी मोजक्या आहेत. प्रभावी प्रक्षेपित शक्ती ५ वॅटपेक्षा जास्त नको, उपकरण मान्यताप्राप्त हवं, आपल्यामुळे इतर कोणत्याही सेवेला अडथळा होता कामा नये, आणि दुसऱ्याचा अडथळा आपल्याला झाला तर तक्रार करण्याचा हक्क नाही.

असं असूनही कुरुद, कोहका, वैशालीनगर किंवा जामुलच्या गच्चीवरून आज सीबीचा सेट लावला तर बहुतेक वेळा नुसती खरखर ऐकू येते. बोलायची मोकळीक आहे, पण बोलणारं कोणी नाही. या छंदाची भारतातली खरी अडचण एवढीच आहे. बाजारातल्या सेटच्या किमतींपासून किंवा अँटेनाच्या उंचीपासून सुरुवात करणारे मार्गदर्शक लेख अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये चालतात, कारण तिथे चॅनेलवर माणसं आधीपासून आहेत. आपल्याकडे नव्या माणसाला सेटबरोबर शेजारही तयार करावा लागतो. पुढचा सगळा आढावा मी याच बाजूने घेणार आहे.

सीबीचा जन्म अमेरिकेतला. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने सामान्य नागरिकांसाठी रेडिओचा पट्टा राखून ठेवायचं ठरवलं. अल ग्रॉस या संशोधकाच्या कंपनीच्या संचाला १९४८ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याने शेतकऱ्यांना, तटरक्षक दलाला संच विकले. पण ते संच ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. तेव्हाच्या तंत्रज्ञानाला एवढी उच्च वारंवारता महागात पडे. खरी सुरुवात १९५८ मध्ये झाली. त्या वर्षी २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनेल दिले गेले आणि संच छोट्या दुकानदाराच्या, प्लंबरच्या, टॅक्सीवाल्याच्या आवाक्यात आले.

पुढची पंधरा वर्षं तो कामाचाच रेडिओ होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि चित्र पालटलं. डिझेल मिळेना, सरकारने ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. ट्रकवाले सीबीवरून एकमेकांना सांगू लागले की कुठल्या पंपावर तेल आहे आणि पोलीस कुठे उभे आहेत. टोपणनावं, खुणेचे आकडे, विशिष्ट उच्चार अशी त्यांची एक बोलीच तयार झाली. पोलिसांच्या वायरलेसमधून उचललेला दहा-चार हा संकेत, म्हणजे "समजलं", घराघरांत पोचला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड १९७६ च्या प्रचारात 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने सीबीवर बोलत. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ वरून ४० करावे लागले. १९८३ मध्ये आयोगाने वैयक्तिक परवान्याची पद्धतच सोडून दिली. इंग्लंडमध्ये लोकांनी आधी बेकायदा संच वापरले आणि मग २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारने मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात १९७७ पासून परवानगी आहे. तिथे पुढे ४७६-४७७ मेगाहर्ट्झच्या सीबीने जम बसवला आणि आजही शेतावर, लांबच्या रस्त्यांवर तो रोजच्या वापरात आहे. आशियात सगळ्यांत बोलकं उदाहरण इंडोनेशियाचं. 'रापी' ही तिथल्या सीबीवाल्यांची संघटना १० नोव्हेंबर १९८० ला स्थापन झाली आणि बेटाबेटांवर पसरली. हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. गरिबी, मोठी लोकसंख्या, संशयी सरकार या सबबी आपल्याकडे सांगितल्या जातात, आणि त्या सगळ्या इंडोनेशियालाही लागू होत्या.

मग आपल्याकडे काय झालं? १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने वायरलेस उपकरण नुसतं जवळ बाळगणं हाच परवान्याचा विषय केला. वापरणं ही पुढची गोष्ट. साधा रेडिओ ऐकायलाही ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात जाऊन लायसन्सच्या पुस्तिकेत नोंद करावी लागे, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. नागरिकाच्या हातातला ट्रान्समीटर राज्यकर्त्यांना का नको असतो याचा पुरावा मुंबईतच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि त्यांच्या सोबत्यांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली तोपर्यंत तो ब्रिटिश सरकारच्या नाकाखाली बातम्या देत होता. स्वातंत्र्य आलं, पण १९३३ चा कायदा तसाच राहिला. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केला.

म्हणजे अमेरिकेत ट्रकवाले सीबीवर गप्पा मारत होते तेव्हा आपल्या महामार्गावरच्या ड्रायव्हरजवळ फक्त हॉर्न आणि ढाबा होता. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. आणि सीबी मोकळा झाला २००५ मध्ये. बोलण्याची भूक मोबाइलने भागवल्यानंतर. ही उशिराची मोकळीक हेच सीबी इथे न रुजण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे असं माझं मत आहे. संचांची टंचाई हा त्याचा परिणाम. मागणी नसेल तर दुकानदार माल ठेवणार कशाला?

आता आकड्यांकडे नीट पाहू, कारण नवशिक्याची पहिली चूक इथे होते. परदेशी सीबी सेटवर ४० चॅनेल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. आपला मोकळा पट्टा मात्र २७.२८३ ला संपतो. चॅनेल २७ आहे २७.२७५ वर, म्हणजे आत. चॅनेल २८ आहे २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. चाळीस चॅनेलचा सेट हातात असला तरी भारतात बोलायचं ते १ ते २७ याच चॅनेलवर. त्यात क्रमांकांची एक गंमत आहे. चॅनेल २३ हे २४ आणि २५ च्या वर, २७.२५५ वर बसतं, कारण जुन्या २३ चॅनेलच्या यादीतल्या मोकळ्या जागा नंतर भरल्या गेल्या. जगभर आणीबाणीसाठी वापरलं जाणारं चॅनेल ९ (२७.०६५) आणि ट्रकवाल्यांचं चॅनेल १९ (२७.१८५) ही दोन्ही सुदैवाने आपल्या हद्दीत येतात. ३ आणि ४, ७ आणि ८ अशा काही चॅनेलच्या मधे १० ऐवजी २० किलोहर्ट्झचं अंतर दिसतं. त्या फटींत रिमोटवर चालणारी खेळणी बोलतात. शेजारच्या मुलाची गाडी अचानक भिंतीवर आदळली तर त्याच्याशी भांडण्याआधी आपला चॅनेल तपासावा.

आपल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा नीट पाहिल्या तर आणखी एक गोष्ट कळते. २६.९५७ ते २७.२८३ हा जगभर औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला पट्टा आहे. त्याचा मध्य २७.१२ मेगाहर्ट्झ. प्लॅस्टिकच्या चादरी जोडणारी उच्च-वारंवारतेची यंत्रं, फिजिओथेरपीतली काही डायथर्मी यंत्रं याच वारंवारतेवर चालतात. भिलाईसारख्या गावात हे तपशील महत्त्वाचे ठरतात. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्या पाठोपाठ फॅब्रिकेशन, वेल्डिंग, मशीनिंगच्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. जामुलकडे सिमेंट आहे. या सगळ्यांतून, शिवाय घरोघरच्या स्वस्त एलईडी दिव्यांतून आणि चार्जरमधून रेडिओच्या कानावर खरखर येत राहते. म्हणून कुरुदमध्ये चॅनेल निवडताना मधले १२ ते १५ टाळावेत आणि कडेचे पकडावेत. १ ते ४, किंवा २२ ते २७. दिवसा खरखर किती आणि रात्री दहानंतर किती, रविवारी किती आणि बुधवारी किती, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवावं. छंदाची पहिली खरी मेहनत ही ऐकण्याची असते.

आणि ऐकायला सेट विकत घ्यायची गरज नाही. संगणकाच्या यूएसबीला लागणारा आरटीएल-एसडीआर नावाचा स्वस्त रिसीव्हर साधारण २४ मेगाहर्ट्झपासून वर ऐकतो, म्हणजे सीबी त्यात थेट येतो. गच्चीवर अडीच-तीन मीटर वायर उभी ताणली की पडद्यावर पूर्ण पट्टा एकदम दिसतो. कुठे यंत्राचा जाड पट्टा आहे, कुठे चार्जरची बारीक रेघ आहे, कुठे माणसाचा आवाज आहे. तेवढाही खर्च नको असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो आणि २७ मेगाहर्ट्झवर युरोपातली माणसं कशी बोलतात ते ऐकता येतं. कोण केव्हा थांबतो, दुसऱ्याला वाट कशी देतो, हे कानावर पडलेलं पुढे उपयोगी येतं.

सेट घेताना फसगत मोठी आहे. बाजारात आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे चिनी वॉकीटॉकी बहुतेक १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांत सीबी नसतोच. उलट त्यांच्या टप्प्यात पोलीस, अग्निशमन, रेल्वे यांच्या वारंवारता येतात. हॅमचा, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारा हौशी रेडिओचा, परवाना नसताना असा सेट बाळगणं बेकायदा आहे, आणि बस्तरसारखा भाग ज्या राज्यात आहे तिथे सुरक्षा यंत्रणा याकडे दुर्लक्ष करतील अशी अपेक्षा ठेवू नये. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा दिल्या. सीबीचा सेट घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचे. वारंवारता २७ मेगाहर्ट्झ आहे का, आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळालं नाही तर व्यवहार सोडून द्यावा. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेल्या सेटलाही हाच नियम.

ज्यांना फक्त घरच्या घरी, सहलीत किंवा दोन गाड्यांमध्ये बोलायचं आहे त्यांनी सीबीच्या फंदात पडू नये असं मी स्पष्ट सांगेन. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे हातातले सेट आहेत. २०१८ च्या नियमांनी तेही परवानामुक्त झाले. बॅटरी टिकते, अँटेना बोटभर, वस्तीत एखादा किलोमीटर आरामात. भिलाईच्या मैत्रीबागेत हरवलेलं पोर शोधायला तेवढं पुरतं. सीबी हा ज्याला रेडिओचीच ओढ आहे त्याच्यासाठी.

ही ओढ सगळ्यांत जास्त अँटेनात पुरी होते. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिचा पाव भाग पावणेतीन मीटरच्या आसपास, आणि तारेतल्या वेगामुळे प्रत्यक्षात काडी साधारण २.६३ मीटरवर जमते. हातातल्या सेटची वीतभर अँटेना ही आतून गुंडाळलेली काडी असते. ती चालते, पण बरीच शक्ती वाया घालवते. म्हणून पाच वॅटचा हातातला सीबी वस्तीत दीड-दोन किलोमीटरवर दमतो, आणि तोच सेट गच्चीवरच्या पूर्ण लांबीच्या काडीला जोडला की जिवंत होतो. छत्तीसगडचं मैदान इथे आपल्या बाजूचं आहे. डोंगर नाहीत, इमारती अजून फार उंच नाहीत. दोन्ही टोकांच्या अँटेना जमिनीपासून १० मीटर वर असल्या तर रेडिओचं क्षितिज हिशेबाने २६ किलोमीटरच्या आसपास येतं. खरखर आणि झाडं-घरं यांची वजावट धरूनही कुरुदहून दुर्ग गाठणं अवघड नाही. शांत रात्री रायपूरच्या अलीकडच्या वस्त्याही.

ही अँटेना विकत घेण्यापेक्षा बनवावी. भिलाईत ॲल्युमिनियमची नळी कापणारा, ब्रॅकेट वेल्ड करणारा, नट-बोल्टला आटे पाडून देणारा माणूस दोन गल्ल्यांवर भेटतो. या शहरात जे हात आहेत तसे फार थोड्या शहरांत असतील. एक उभी काडी २.६३ मीटरची, तिच्या पायथ्याशी इन्शुलेटर, आणि खाली तिरक्या सोडलेल्या तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तारा, म्हणजे रेडियल. खाली ५० ओहमची कोॲक्सियल केबल, टोकाला पीएल-२५९ कनेक्टर. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की पावसाळ्यानंतर अँटेना मुकी होते, म्हणून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप कंजूषी न करता गुंडाळायचा. मग एसडब्ल्यूआर मीटर. हा मीटर आपण पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते ते सांगतो. १.५ च्या खाली आला तर उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर गेला तर बोलायचं बटण दाबू नये, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाईल. चॅनेल १ वर आणि चॅनेल २७ वर मोजून पाहायचं. १ वर जास्त आणि २७ वर कमी असेल तर काडी आखूड आहे, उलट असेल तर लांब. अर्धा-अर्धा सेंटिमीटर करत काटा खाली येताना बघणं हे या छंदातलं निखळ सुख आहे, आणि ते बोलायला समोर कोणी असो वा नसो, मिळतं.

कायद्यातला 'प्रभावी प्रक्षेपित शक्ती' हा शब्द मात्र विसरायचा नाही. सेटमधून ४ वॅट निघाले आणि साध्या काडीने पाठवले तर आपण मर्यादेत आहोत. तेच ४ वॅट तीन दांड्यांच्या यागी अँटेनाने एका दिशेला फेकले तर त्या दिशेची प्रभावी शक्ती तिप्पट-चौपट होते आणि मर्यादा ओलांडली जाते. बाहेरचा ॲम्प्लिफायर, ज्याला परदेशी सीबीवाले प्रेमाने 'लिनिअर' म्हणतात, तो तर विचारातही आणू नये. शेजाऱ्याच्या टीव्हीवर पट्टे उमटले की छंद संपतो.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी. वस्तीतून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारांपासून अँटेना पडली तरी पोचणार नाही इतकी लांब उभारावी. कोसळण्याची लांबी धरून अंतर मोजावं, उभ्या लांबीवर विसंबू नये. आणि छत्तीसगडची वीज ही गंमत नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत ढग जमले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवायची, आणि मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, जमिनीशी जाड तारेने अर्थ करायचा.

गाडीत सेट बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. कुरुदपासून काही मिनिटांवर राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, पूर्वीचा ६, नागपूरहून रायपूर आणि पुढे ओडिशाकडे जाणारा. लोखंड, सिमेंट, कोळसा घेऊन या रस्त्याने दिवसरात्र ट्रेलर जातात. सीबी कुठे रुजायला हवा होता तर इथे. पण सीबीचे सेट १२ व्होल्टचे असतात आणि आपल्या अवजड ट्रकची बॅटरी व्यवस्था २४ व्होल्टची. थेट जोडला तर सेट जळतो, मध्ये २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लागतो. एखाद्या वाहतूकदाराने आपल्या पाच-सहा ट्रेलरवर मान्यताप्राप्त सेट बसवून एक चॅनेल ठरवला, तर धुक्यात आणि अपघातात उपयोग आहेच, आणि ड्रायव्हरांचा एकटेपणाही कमी होईल. फोनवर एकाशी बोलता येतं. सीबीवर मागे-पुढे असलेल्या सगळ्यांना एकदम ऐकू येतं, ओळख असो वा नसो. म्हणून सीबीला मी रेडिओवरची चावडी म्हणतो.

ही चावडी भरवायची कशी? पहिला सेट एकट्याने घेऊ नका. दोन घरांनी मिळून दोन घ्या, आणि ती घरं दोन-तीन किलोमीटरवर असू देत. एक कुरुदला, एक कोहक्याला किंवा सुपेल्याला. चॅनेल ठरवा, वेळ ठरवा. रोज रात्री साडेनऊ, चॅनेल ३, पंधरा मिनिटं. विषय काय? सुरुवातीला सगळे आवाजाचेच विषय असतात. आज कसा ऐकू येतोय, अँटेना कुठे हलवली, खरखर कुठून येतेय. मग हळूहळू पाऊस, भाजी, पोरांच्या परीक्षा. ठरलेली वेळ असली की तिसरा माणूस कुठे यायचं ते जाणतो, आणि चौथा तिसऱ्याकडून ऐकतो. ठरलेली वेळ नसेल तर चार सेट असूनही प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी खरखर ऐकून सेट बंद करतो. आयआयटी भिलाई किंवा शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना हे सांगून पाहावं. त्यांच्याकडे गच्चीही असते आणि उत्साहही.

बोलण्याच्या रीती थोड्याच आहेत, पण त्याच शेजार टिकवतात. बोलण्याआधी अर्धा मिनिट ऐका. चॅनेलवर कोणी असेल तर त्याचं वाक्य संपल्यावर आत या. बटण दाबून एक क्षण थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून चार बोटं दूर. एका दमात लांब भाषण नको, कारण बटण दाबलेलं असताना समोरचा तुम्हाला थांबवू शकत नाही, अगदी आणीबाणीतही. स्क्वेल्चची कळ खरखर बंद होईल इतकीच फिरवा. जास्त फिरवली तर क्षीण आवाजही बंद होतात आणि आपल्याला वाटतं कोणी नाहीच. पूर्ण नाव, पत्ता, घर केव्हा रिकामं असतं, असलं काही हवेत सांगायचं नाही. टोपणनाव घ्यावं, आणि ते एकच ठेवावं. भाषेची चिंता करू नये. भिलाई हे देशभरच्या माणसांनी वसवलेलं गाव आहे. छत्तीसगढी, हिंदी, मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम एकाच गल्लीत ऐकू येतात, तशा एकाच चॅनेलवरही येऊ देत. मराठी घरांतल्या मुलांना मराठीतून बोलायला घराबाहेर जागा उरलेली नाही अशी तक्रार इथले मराठी आई-वडील करतात. रात्री साडेनऊची पंधरा मिनिटं ही तशी जागा होऊ शकते.

आता आकाशाबद्दल. २७ मेगाहर्ट्झची लहर एरवी वातावरणाच्या वरच्या आयनांच्या थरांना भेदून निघून जाते. सूर्य सक्रिय असला की ते थर दाट होतात आणि लहर परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरते. यालाच स्किप म्हणतात. सूर्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये त्याचा बहराचा काळ आल्याचं नासाने जाहीर केलं. अशा वर्षांत दिवसा, विशेषतः ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत, भिलाईच्या रिसीव्हरवर इंडोनेशियाचे आवाज ऐकू येण्याची शक्यता असते. बहर ओसरल्यावर दूरची लॉटरी लागते ती उन्हाळ्यात, मे ते जुलै, जेव्हा खालच्या ई थरात अचानक दाट ढग तयार होतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरचं अंतर काही मिनिटांसाठी उघडतं. परदेशी मंडळी २७.५५५ मेगाहर्ट्झवर साइडबँडने हाका मारतात. ती वारंवारता आपल्या पट्ट्याच्या बाहेर आहे, म्हणून तिथे आपण फक्त ऐकायचं. मोह होतो, पण आवरायचा.

हा मोह आवरत नाही असं लक्षात आलं की समजावं, आता हॅमची परीक्षा द्यायची वेळ झाली. सीबीमध्ये वाढलेल्या माणसाची ही साहजिक पुढची पायरी आहे. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. दोन श्रेणी आहेत, मर्यादित आणि सामान्य. मोर्सची कट्ट-कड-कट्ट फक्त सामान्य श्रेणीला लागते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा, विषय रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम. उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासोबत व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. राजीव गांधींचं होतं व्हीयू२आरजी. मुंबईची मुंबई ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी आणि हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था यांसारख्या संस्था नव्या माणसाला वाट दाखवतात. आणि हौस कुठवर जाते याचं उदाहरण भारती प्रसाद. डिसेंबर २००४ मध्ये त्या अंदमानात जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला गेल्या होत्या. २६ तारखेला सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर जाऊ लागले ते त्यांच्या सेटवरून. पुढच्याच वर्षी, ५ मे २००५ ला, इस्रोने हॅमसॅट हा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला, आणि तीन महिन्यांनी सीबी मोकळा झाला.

सीबीवर कमावलेलं यातलं काहीच फुकट जात नाही. कान तयार झालेला असतो, थांबून बोलायची सवय झालेली असते, पाण्यापासून कनेक्टर वाचवायला आपण शिकलेलो असतो. हॅमचा दहा मीटरचा पट्टा २८ मेगाहर्ट्झला सुरू होतो, सीबीच्या अगदी शेजारी. परवाना हातात पडला की कुरुदच्या गच्चीवरची तीच अँटेना उतरवायची, उभी काडी आणि प्रत्येक रेडियल सुमारे १२ सेंटिमीटरने कापायचं आणि मीटर पुन्हा लावायचा. काटा २८.४ च्या आसपास तळाला जाईल.